उत्तरावरून मांडलेलं गणित

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त देशभरातल्या सराफ बाजारांत पसरलेली आहेत. माझे आजोबा १९७२च्या दुष्काळानंतर विट्याजवळच्या आमच्या गावातून जयपूरला आले आणि पाहुण्यांच्या भट्टीवर कामाला लागले. पुढं माझ्या वडिलांनी, आप्पांनी, जोहरी बाजारालगत, गोपालजी का रास्ता या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. एका कोरड्या मुलखातून निघून आम्ही दुसऱ्या कोरड्या मुलखात आलो. १९८२च्या आशियाई खेळांत होड्यांच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावात झाल्या होत्या. माझ्या लहानपणी तो तलाव आटून गेलेला होता. अशा घरातला मुलगा व्यापारी जहाजावर अधिकारी झाला, याचं आमच्या लोकांना कौतुक वाटतं. विट्याहून, इंदूरहून, कोइमतूरहून गलाईवाल्यांच्या घरांतून फोन येतात. पगार किती, फी किती, पोरगं किती महिने बाहेर राहतं, हे विचारतात. मी सांगतो. शिकताना मी काय काय चुकीचं केलं ते कुणी विचारत नाही आणि मीही आजवर सांगितलेलं नाही. ते आता लिहितो आहे, कारण त्यातल्या एका चुकीत माणूस गेला असता.

सुरुवात समुद्रापासून फार लांब झाली. अकरावी-बारावीत मी गोपालपुरा बायपासवरच्या एका कोचिंगमध्ये होतो. इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा डोळ्यांसमोर होती. प्रश्नाखाली चार पर्याय असतात. गणित सोडवण्यात वेळ घालवायचा नाही. पर्याय उचलून समीकरणात घालायचे, जो बसेल त्यावर खूण करायची. त्या परीक्षेपुरती ही युक्ती गैर नाही, आजही मुलांना ती शिकवतात. पण मी तिच्यावाचून काही शिकलोच नाही. उत्तर आधी हातात घ्यायचं आणि मग तिथवर पोचणारी वाट मागं मागं आखायची, ही माझी सवय झाली. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही. तेव्हा कोचिंगमधल्या एकानं मर्चंट नेव्हीचं नाव काढलं आणि पगाराचा आकडा सांगितला. माझा निर्णय त्या आकड्यावर झाला. जहाजावर अधिकारी नेमकं काय करतो, हे मी तेव्हा कुणालाही विचारलं नाही.

मग एजंट. जयपुरात ऑफिस, भिंतीवर पांढऱ्या गणवेशातल्या मुलांचे फोटो, ‘सीट पक्की, जहाज पक्कं’ ही भाषा. आप्पांनी एकच गोष्ट विचारली, “हे कागद खरे हे ओळखायचं कसं?” मी म्हणालो, “आप्पा, तुम्हाला यातलं कळणार नाही.” ज्या माणसानं उभी हयात लोकांच्या सोन्याचा कस लावण्यात घालवली, त्याला मी हे सांगितलं. पैसे भरले. अकादमीला सरकारची मान्यता आहे का, कंपनीकडं खलाशी भरतीचा परवाना आहे का, हे नौवहन महासंचालनालयाच्या यादीत कुणालाही पाहता येतं. मी पाहिलं नाही. डोळ्यांची तपासणीही पैसे भरल्यावर केली. माझी दृष्टी सुदैवानं ठीक निघाली. माझ्याबरोबर पैसे भरलेला सीकरचा एक मुलगा रंगांधळा निघाला. रात्री समोरून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर त्याची डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी. डेकवरच्या अधिकाऱ्याला हे रंग ओळखता आलेच पाहिजेत, तिथं सवलत नाही. त्याला हे दहावीतच कळू शकलं असतं. एजंटचं ऑफिस काही महिन्यांनी बंद झालं. त्याचेही पैसे गेले, माझेही गेले. आप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी मी सरळ मार्गानं गेलो: भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेशपरीक्षा, एका कंपनीची लेखी परीक्षा आणि मुलाखत, तिचं प्रायोजकत्वाचं पत्र, आणि मग नॉटिकल सायन्सचा एक वर्षाचा निवासी डिप्लोमा. त्यानंतर अठरा महिने समुद्रावर कॅडेट म्हणून काढायचे आणि मग सेकंड मेटची परीक्षा द्यायची.

अकादमी रायगड जिल्ह्यात होती. पहाटेची पीटी, परेड, दोऱ्यांच्या गाठी, बोट वल्हवणं यांत माझं काही अडलं नाही. अडलं ते आकाशात. खगोलीय नौकानयन हा विषय म्हणजे सूर्य, चंद्र, तारे यांच्या उंचीवरून भर समुद्रात आपली जागा काढणं. शिकवणारे कॅप्टन निवृत्त आणि जुन्या वळणाचे होते. फळ्यावर वर्तुळं काढून ते सांगत, तारा पृथ्वीवरच्या ज्या बिंदूच्या बरोबर माथ्यावर असतो तो बिंदू मनात धरा. तुमची जागा आणि तो बिंदू यांतलं अंतर म्हणजेच ताऱ्याची उंची नव्वद अंशांना जेवढी कमी पडते तेवढं. उंचीतलं एक मिनिट, अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर जागा एका मैलानं सरकते. सगळं गणित एवढ्या कल्पनेवर उभं आहे. मला ती दिसली नाही आणि दिसावी म्हणून मी थांबलोही नाही. तक्त्यात कुठली संख्या कुठून घ्यायची, कुठं मिळवायची, कुठं वजा करायची, हा क्रम मी पाठ केला आणि चांगले गुण मिळवले. ५ एप्रिल १९१९ला सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, त्या कंपनीमागं सोलापूरचे वालचंद हिराचंद होते, १९२७मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज आलं आणि भारतीय मुलांना अधिकारी होण्याची वाट मोकळी झाली, हेही मी असंच एकेका गुणासाठी पाठ केलं. आमच्या भागातल्या माणसांनी ही वाट किती मोठ्या कंपन्यांशी भांडून मोकळी केली, हे मला फार उशिरा जाणवलं.

पहिलं जहाज कोळसा वाहणारं बल्क कॅरिअर होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदरातून कोळसा भरून भारताकडं यायचं. मी पहाटे आणि संध्याकाळी चार ते आठच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याला, चीफ ऑफिसरबरोबर असे. ताऱ्यांची उंची घ्यायची वेळ हीच: क्षितिज अजून दिसतं आहे आणि तारेही दिसू लागलेत, असा थोडा वेळ मिळतो. त्या वेळात चार-पाच तारे पकडायचे, सेकंदापर्यंत वेळ टिपायची, मग खाली जाऊन गणित मांडायचं. कॅडेटनं दर आठवड्याला काही निरीक्षणं वहीत लिहून कॅप्टनला दाखवायची, असा नियम होता.

डुलत्या जहाजावर सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणात तारा क्षितिजावर आणून टेकवायला हात बसावा लागतो. माझी पहिली निरीक्षणं वीस-वीस मैल चुकली. हे सगळ्यांचंच होतं, पण मला ते सहन झालं नाही. ब्रिजवर जीपीएस जागा दाखवतच होता. मग मी तेच केलं जे गोपालपुऱ्यात करत होतो. जीपीएसवरून अक्षांश-रेखांश घेतले, त्या जागेवरून त्या ताऱ्याची उंची किती दिसली असती ते काढलं, सगळ्या दुरुस्त्या उलट्या लावल्या आणि ‘मी सेक्स्टंटवर वाचलेला आकडा’ म्हणून वहीत लिहिलं. याला जहाजावर साइट कुक करणं म्हणतात. मी एकटाच असं करत होतो असं नाही, पण इतरांनी केलं म्हणून माझं कमी होत नाही. संध्याकाळी तारे निघत तेव्हा मी चार्टरूममध्ये बसून कॅलक्युलेटर चालवत असे. हिंदी महासागरावरचं ते आकाश मी कितीतरी रात्री पाहिलंच नाही.

कॅप्टनसाहेबांनी वही चाळली आणि विचारलं, “तुझ्या सगळ्या रेषा एकाच बिंदूत मिळतात?” खऱ्या निरीक्षणात तीन ताऱ्यांच्या उंचींवरून नकाशावर काढलेल्या तीन रेषा कधी नेमक्या एका बिंदूत जुळत नाहीत, छोटा त्रिकोण पडतो, कारण हात थरथरतो, क्षितिज पुसट असतं, जहाज पुढं सरकलेलं असतं. मग त्यांनी लॉगबुक मागवलं. जून संपत आला होता, आम्ही अरबी समुद्रात पावसाळ्याच्या तोंडात होतो. ज्या संध्याकाळी माझ्या वहीत चार तारे होते, त्या संध्याकाळच्या हवामानाच्या रकान्यात चीफ ऑफिसरनं लिहिलं होतं: आभाळ पूर्ण झाकलेलं, पाऊस. एकाच जहाजावरच्या दोन वह्या समोरासमोर होत्या. ते माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, “पन्नास मैल चुकलेली साइट आण, मी सही करीन. ही मी फाडतो आहे.”

इथं मी सुधारलो असतो तर पुढचं लिहावं लागलं नसतं. मी त्यातून शिकलो ते एवढंच की त्रिकोण पडला पाहिजे. त्यानंतर मी आकड्यांत मुद्दाम थोडी थोडी चूक मिसळू लागलो आणि साइट लिहिण्याआधी लॉगबुक पाहू लागलो. सह्या मिळत गेल्या. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज याच काळाची वाटते. पकडला गेलो तेव्हा निदान अडाणी होतो. नंतर जे केलं ते जाणून केलं.

पुढच्या खेपेत, बंदर एका दिवसावर असताना, एका होल्डला लागून असलेल्या शिडीच्या खोलीत बोसनला, डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, उतरायचं होतं. पाइपचा सैल झालेला क्लॅम्प आवळण्याचं किरकोळ काम. बोसन दापोलीकडचे, मी त्यांना काका म्हणायचो. मला ते जयपूरचा म्हणून ‘मारवाडी’ म्हणत आणि माझ्याशी मराठीतून बोलत. बंद जागेत उतरण्याआधी हवा खेळवायची, वायुमापकानं वर, मध्ये आणि तळाशी ऑक्सिजन मोजायचा, उतरण्याच्या परवान्यावर तिन्ही आकडे लिहायचे, ही पद्धत जगभरच्या जहाजांवर आहे. असा मापक जहाजावर असणं १ जुलै २०१६पासून बंधनकारकही झालं आहे. त्याचं कारण कोळशाच्या जहाजावर कुणालाही माहीत असतं. कोळसा बंद जागेत पडून राहिला की हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो, शेजारच्या खोलीतलाही. त्याला वास नाही, धूर नाही. उतरणारा माणूस चार पायऱ्यांवर ठीक असतो आणि तळाला पोचेपर्यंत कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावत उतरतो आणि तोही तिथंच राहतो. असे मृत्यू दरवर्षी होतात.

मोजण्याचं काम माझ्याकडं होतं. पाऊस पडत होता. मापकाला जोडायची लांब नळी पुढच्या स्टोअरमध्ये राहिली होती. मी झाकणाशी उभा राहून वरचं माप घेतलं: २०.९. मोकळ्या हवेत असतो तेवढा. मग परवान्यावर तिन्ही ओळींत २०.९ लिहिलं. उत्तर काय यायला हवं ते मला ठाऊक होतं; मोजायला जाण्याची गरज मला वाटली नाही.

चीफ ऑफिसर सहीसाठी पेन काढून थांबले. “तिन्ही ठिकाणी दशांशापर्यंत सारखं?” मी गप्प. त्यांनी मला नळी आणायला पाठवलं आणि स्वतः खाली सोडली. अर्ध्या शिडीवरच मापकाची शिट्टी सुरू झाली. तळाशी आकडा सतराच्याही खाली गेला. काका हातमोजे चढवून झाकणाजवळ उभे होते. त्यांनी मापकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि हातमोजे काढून खिशात ठेवले. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले, पूर्वीसारखंच बोलले. पण पुढं कुठल्याही बंद जागेशी गेलो की मापक माझ्या हातातून स्वतःकडं घेत.

घडलेल्या प्रकाराचा अहवाल मला माझ्या नावानं आणि माझ्या हस्ताक्षरात लिहायला लावला. प्रशिक्षणाच्या वहीतली बंद जागांची आणि खगोलाची पानं रद्द झाली, ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. ते योग्यच झालं. घरी फोनवर आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, “त्या बोसनच्या घरी कोण कोण असतं?” मला माहीत नव्हतं. इतके महिने एका टेबलावर जेवलो होतो. “मग आधी ते विचार,” म्हणाले.

तरी आकाश मला समजलेलं नव्हतंच. सेकंड मेटच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, “कुठला तू?” जयपूर. “तिथं सूर्य मध्यान्ही किती वाजता येतो?” मी म्हणालो, बारा वाजता. “आणि अगदी माथ्यावर कधी येतो?” एकवीस जूनला. दोन्ही उत्तरं चूक. त्यांनी कागद बाजूला ठेवला. आपल्याच गावाचा मध्यान्ह ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती वॉच देता येणार नाही, हा त्यांचा निर्णय होता आणि तो मला मान्य करावा लागला.

सुट्टीत घरी आलो आणि जंतर-मंतरला गेलो. आमच्या दुकानापासून चालत जाण्याएवढं ते जवळ आहे. लहानपणी पाहुणे आले की त्यांना घेऊन जायची जागा एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती. सवाई जयसिंहानं १७२७मध्ये जयपूर वसवलं आणि पुढच्या काही वर्षांत ही वेधशाळा बांधली. त्याच्या पदरचे पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रातले. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ त्यांनी अरबीतून संस्कृतात आणले. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं आणि मी शोधलंही नव्हतं. सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची तिरकी भिंत जमिनीशी २७ अंशांचा कोन करते, कारण जयपूरचा अक्षांश जवळजवळ तेवढाच आहे. म्हणून तिची धार थेट ध्रुवाकडं पाहते. दोन्ही बाजूंच्या संगमरवरी कमानींवर तिची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. ती डोळ्यांदेखत चालताना दिसते.

मी सकाळपासून तिथं बसलो. सावली भिंतीच्या पायथ्याशी आली, मध्यान्ह झाला, तेव्हा घड्याळात बारा वाजून बरीच मिनिटं झाली होती. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची. जयपूर जवळजवळ पावणेसात अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं याप्रमाणं सरासरी २७ मिनिटं उशीर, आणि पृथ्वीच्या कक्षेमुळं आणि कललेल्या आसामुळं त्यात वर्षभर कमी-जास्त: नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह साधारण १२ वाजून १० मिनिटांनी, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४१ मिनिटांनी. आणि जयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यानं सूर्य तिथं कधीच बरोबर माथ्यावर येत नाही, एकवीस जूनलाही साडेतीन अंश दक्षिणेलाच राहतो. अकादमीत पाठ केलेल्या साऱ्या संज्ञा, अक्षांश, क्रांती, होराकोन, त्या अंगणात दगडात बांधलेल्या होत्या. मी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर वाढलो होतो.

ही वेधशाळा उभी राहत होती त्याच सुमारास, १७३१मध्ये, लंडनमध्ये जॉन हॅडलीनं आरशांचं ते उपकरण मांडलं ज्यातून पुढं सेक्स्टंट झाला. जयसिंहानं अचूकपणासाठी यंत्र एवढं मोठं केलं की ते हलूच नये. हॅडलीला ते हलत्या डेकवर हातात धरायचं होतं. दोघांना हवा होता तो खराखुरा वाचलेला आकडा. जयसिंहानं तर जुन्या कोष्टकांतले आकडे आकाशाशी जुळत नाहीत म्हणून एवढा दगड रचला होता. मी उलटं करत होतो, जीपीएसशी जुळावेत म्हणून आकडे घडवत होतो. आणि तो जीपीएसही नेहमी खरा नसतो. तांबडा समुद्र, इराणचं आखात, काळा समुद्र इथं अलीकडच्या वर्षांत त्याचे संकेत बिघडवले जातात आणि जहाज पडद्यावर जमिनीवर उभं असल्यासारखं दिसतं. तेव्हा ब्रिजवरच्या अधिकाऱ्याकडं रडार, किनाऱ्यावरच्या खुणा आणि आकाश एवढंच उरतं.

दुसऱ्या खेपेला तोंडी परीक्षा पास झालो. आता सेकंड ऑफिसर आहे. माझ्या वहीतल्या रेषांचा अजूनही त्रिकोण पडतो, कधी कधी चांगला मोठा पडतो. काकांच्या घरी दोन मुली आहेत. धाकटी नर्सिंग शिकते.

आपल्या गलाईवाल्या घरांतून जी मुलं या वाटेला येऊ पाहतात, त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. आधी डोळे तपासून घ्या. संस्थेचं आणि कंपनीचं नाव नौवहन महासंचालनालयाच्या यादीत स्वतः शोधा. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा ते मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि जो मुलगा आधीच जहाजावर पोचला आहे, त्याला सांगतो: जिथलं माप घेतलं नाहीस, तिथं परवान्यावर जागा कोरी सोड. काम तासभर थांबेल, तुला बोलणी बसतील. खाली उतरणाऱ्या माणसाकडं दुसरा मापक नसतो. तू लिहिलेला आकडा वाचून तो उतरतो.